हौद्यावर झाकण की टप?

प्रश्न : माझी डबल केबिनची पिकअप आहे. हौदा आतून पाच फूट लांब. बोअरवेलचे पंप दुरुस्त करणं आणि बसवणं हा माझा धंदा. गाडीत रोज हत्यारांच्या दोन पेट्या, केबलची भेंडोळी, पाइप जोडायच्या सोल्युशनचे डबे, कधी एक तर कधी दोन सबमर्सिबल पंप आणि दहा फुटी पाइप असतात. सुट्टीच्या दिवशी हीच गाडी घरची. मी, बायको, दोन मुलं आणि कुत्रा. बायकोचं म्हणणं, हौद्यावर खिडक्यांची फायबरची कॅनोपी, म्हणजे कायमचा बंद टप, बसवू, म्हणजे बाहेरगावी रात्री आत झोपता येईल आणि कुत्राही मागे बसेल. धाकटा भाऊ म्हणतो, तीन घड्यांचं ॲल्युमिनियमचं कडक कव्हर घे, कॅनोपीनं गाडी नुसती जड होईल. माल भिजू नये, धूळ शिरू नये आणि चोरी होऊ नये, एवढंच मला हवं. नेमकं काय घेऊ?
– एक पंपवाला वाचक

उत्तर : पंपवाले, वहिनींचं ऐकलं, भावाचं ऐकलं, आता जरा पंपाचं ऐकू. पंप हौद्यात चढतो कसा, ते तुम्ही लिहिलेलंच नाही आणि माझ्या लेखी निम्मा निकाल तिथेच आहे. वर्कशॉपात चेनपुलीला टांगलेला पंप, खाली गाडी रिव्हर्स घेऊन, वरून अलगद हौद्यात सोडत असाल तर कॅनोपीचा विषय आजच संपवा. कॅनोपी बसली की हौद्याची वरची बाजू कायमची बंद. मग तोच पंप फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या खाली पडणाऱ्या दारावर, टेकवायचा, आत ढकलायचा आणि केबिनकडच्या भिंतीपाशी नेऊन बांधायचा असेल तर स्वतः रांगत आत शिरायचं. केबिनच्या उंचीच्या कॅनोपीत तळापासून छतापर्यंत तीन-सव्वातीन फूट जागा मिळते. त्यात उकिडवं बसून पंपाला दोर आवळायचा म्हणजे काय, हे कॅनोपीच्या माहितीपत्रकात लिहीत नाहीत. त्यांच्या फोटोतल्या कॅनोपीत नेहमी एक सायकल आणि एक स्वच्छ कुत्रा असतो.

कोणी म्हणेल, कॅनोपीला बाजूला वर उघडणाऱ्या खिडक्या मिळतात, तिथून काम करता येतं. येतं की! पेटीतला पाना काढायला, केबलचं भेंडोळं उचलायला त्या झकास आहेत. पण खिडकीखाली हौद्याचा कठडा असतोच, तो छातीशी येतो. हात लांब करून छातीच्या उंचीवरून पन्नास किलो उचलायला गेलात तर पंपाआधी तुमचीच दुरुस्ती काढावी लागेल.

मी आयुष्यभर गाड्यांचं बॉडीकाम केलं. झाकण बसवायला आलेल्या माणसाला माझा पहिला प्रश्न एकच असतो : तुमच्या मालातलं कठड्याच्या वर काय जातं? पिकअपच्या हौद्याची खोली साधारण दीड फूट असते. रोजचा माल त्या दीड फुटात मावत असेल तर सपाट कव्हर पुरतं. रोजचा माल त्याच्या वर जात असेल, आणि तरी तो झाकलेलाच न्यायचा असेल, तर कॅनोपी. उंच माल महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच असेल तर पुन्हा कव्हरच, कारण त्या दिवशी ते दुमडून माल उभा नेता येतो. आता तुमची यादी बघा. सबमर्सिबल पंप मुळात लांब आणि बारीक, तो आडवाच झोपतो. मोटर जोडल्यावर पाच फुटांत मावला नाही तर तिरका ठेवायचा. पेट्या, केबल, डबे, सगळं कठड्याच्या खाली. वर जाणारी वस्तू एकच, पाइप. आणि दहा फुटी पाइप पाच फुटी हौद्यात कॅनोपी असली तरी मावत नाही आणि कव्हर असलं तरी मावत नाही. त्याला वर रॅक लागणारच.

रॅकचं नीट समजून घ्या, कारण इथे लोक भलतीकडेच वजन टाकतात. कडक घडीच्या कव्हरवर बहुतेक कंपन्या १८० किलोच्या आसपास भार लिहितात. तो आकडा सगळ्या पृष्ठभागावर सारख्या पसरलेल्या, न हलणाऱ्या वजनाचा आहे, म्हणजे छतावर बर्फ साठावा तसा. त्यावर एका पायानं उभं राहायचा किंवा पाइपांची मोळी आपटायचा तो परवाना नव्हे. घडीच्या फळ्या आतून फोमच्या असतात, वर-खाली ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा फायबर. पाइपाचं टोक आपटलं की पोचा पडतो आणि तो पोचा ठोकून काढता येत नाही. म्हणून रॅकचं वजन फळ्यांवर येताच कामा नये. कव्हरच्या बाजूच्या पट्टीला लांबीभर खाच असलेलं मॉडेल मिळतं. त्या खाचेत रॅकचे पाय सरकवून बोल्टनं आवळायचे, म्हणजे भार पट्टीतून कठड्यावर आणि कठड्यातून हौद्यावर उतरतो. तुम्ही घेणार असाल तर असंच घ्या. खाच नसलेलं कव्हर थोडं स्वस्त पडेल, पण पाइप कुठे बांधणार?

कॅनोपीवरच्या रॅकचीही हीच गंमत. फायबरच्या कॅनोपीच्या छतात आतून लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची चौकट असेल तरच रॅक टिकतो. नुसत्या फायबरला भोकं पाडून पाय बसवले की आधी भोकांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसतात, मग पाणी झिरपतं. आणि भार विचारताना दोन आकडे विचारा, गाडी चालू असतानाचा आणि उभी असतानाचा. चालू गाडीचा आकडा नेहमी लहान असतो. विक्रेते तोंडी मोठाच सांगतात.

वजनाच्या बाबतीत भावाचं बरोबर आहे, पण त्यानं ते नीट मांडलं नाही. गाडी जड झाली म्हणजे नुसतं मायलेज घटतं असं नाही. वाहून नेण्याच्या क्षमतेतून तेवढं वजन वजा होतं. समजा तुमच्या कागदपत्रांवर ७०० किलो आहे. तुम्ही आणि मदतनीस मिळून १५०, हत्यारं १२०, दोन पंप १२०, पाइप आणि रॅक ८०. झाले ४७०. त्यावर फायबरची कॅनोपी टाकली तर ती ७० ते १०० किलोंची. कडक घडीचं कव्हर २० ते ३५ किलोंचं. फरक ढोबळमानानं एका पंपाचा. तुमचा आकडा वेगळा असेल, तो गाडीवरच्या माहितीच्या पट्टीवर बघून हिशेब मांडा. मागे ट्रेलर ओढत असाल तर हुकवर पडणारं वजनही यातच धरायचं, ते लोक हमखास विसरतात. मायलेजचं म्हणाल तर कव्हरनं हवेचा अडथळा थोडा कमी होतो हे खरं, पण उघड्या हौद्यातही बंद फाळक्यामागे हवेचा एक भोवरा तयार होतो आणि वरचा वारा त्याच्यावरून निघून जातो. म्हणून बचत फार थोडी असते. डिझेल वाचवायला कव्हर घेऊ नका.

आता धूळ. तुमच्या पत्रात मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटली, कारण पंपाचं बेअरिंग आणि सील धुळीनं जातं. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागची धूळ उलटी गाडीकडे ओढली जाते. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर फाळक्याच्या आतल्या बाजूला पिठासारखा थर बसलेला असतो, तो वरून नव्हे, फाळक्याच्या फटींतून येतो. कंपनीतून निघालेल्या पिकअपच्या फाळक्याला बहुतेक वेळा रबर नसतंच. उघडा हौदा म्हणूनच ती गाडी बनवलेली, पाणी बाहेर जावं म्हणून फट ठेवलेली. त्यामुळे वर तुम्ही काहीही बसवा, खाली फाळका तसाच ठेवलात तर धूळ आणि पाणी दोन्ही आत येणार. आधी फाळक्याला रबरी बीडिंग लावा, खालच्या कडेला आणि दोन्ही उभ्या बाजूंना. बिजागरीपाशी एक कोपरा उरतो, तिथे बीडिंग वळत नाही, वेगळा तुकडा कापून चिकटवावा लागतो. घाईचा फिटर तोच कोपरा सोडून देतो.

बीडिंग लागलं की नाही हे तपासायची माझी पद्धत सांगतो. कागदाची पट्टी फाळक्याच्या कडेवर ठेवायची, फाळका बंद करायचा आणि पट्टी ओढायची. सहज सुटून आली तर तिथे रबर टेकत नाही. अडकून, थोडा जोर लावल्यावर आली तर ठीक. अशी वीतभर अंतरानं कड फिरत जायचं. अंधार पडल्यावर दुसरी तपासणी : हौद्यात विजेरी लावून ठेवून सगळं बंद करायचं आणि बाहेरून गाडीभोवती फिरायचं. जिथून उजेड दिसेल तिथून धूळ जाणार.

धुळीत कॅनोपीचं एक पारडं जड आहे, ते कबूल करायला हवं. कॅनोपीच्या पुढच्या भागात वर झडपेचा झरोका बसवता येतो. गाडी चालू असताना तिथून हवा जोरात आत शिरते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा वाढतो आणि मग फटींतून हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही. सपाट कव्हरला ही सोय नसते. दिवसभर कच्च्या रस्त्यांवरच असाल तर एवढ्या एका गोष्टीसाठी कॅनोपी घेणारा माणूस मला वेडा वाटणार नाही. तुम्ही पंप पॅकिंगच्या पिशवीत घालून नेऊ शकता, म्हणून तुमच्या बाबतीत मी तिथे थांबत नाही.

पावसाचं थोडक्यात. कडक कव्हर पाणी अडवतं म्हणजे बादली पालथी घातली तरी थेंब नाही, असं नव्हे. घड्यांच्या सांध्यावर रबर असतं, बाजूच्या पट्टीत पन्हाळ असते आणि पुढच्या दोन कोपऱ्यांतून नळ्या खाली सोडलेल्या असतात. जोराच्या पावसात कोपऱ्यांशी ओल येतेच. वायंडिंगची तार, बेअरिंग असलं काही असेल तर पेटीतच ठेवा आणि पेटी तळावर न ठेवता दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवा. कॅनोपी वरून जास्त कोरडी असते. तिची गळती बहुधा कठड्यावरच्या फोमच्या पट्टीतून होते, विशेषतः केबिनकडच्या भिंतीच्या दोन कोपऱ्यांत.

चोरीबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली आहे, मी जरा जास्त लिहितो. घडीचं कव्हर आतून कडीनं बंद होतं आणि कडी सोडायची तार फाळका उघडल्यावरच हाताला लागते. म्हणजे कव्हरचं कुलूप कव्हरला नसून फाळक्याला आहे. तुमच्या फाळक्याच्या मुठीला किल्ली लागते का? नसेल लागत तर कव्हर कितीही कडक असो, चोर फाळका खाली करेल, तार ओढेल आणि सन्मानानं झाकण उघडेल. कुलूपवाली मूठ बसवायला फार वेळ लागत नाही. सेंट्रल लॉकला जोडणारी मोटरही मिळते, म्हणजे केबिन बंद केली की फाळकाही बंद. कॅनोपीला मागच्या काचेवर आपलं कुलूप असतं, पण काच ती काच. तिच्यातून माल दिसतो आणि दिसलेल्या मालावर नजर बसते. कामाच्या गाडीला कॅनोपी घेणारे म्हणून बाजूला काचेऐवजी भरीव दारं मागतात. वहिनींना हव्या असलेल्या खिडक्या आणि तुम्हाला हवी असलेली सुरक्षा यांचं इथे जमत नाही.

मुक्कामाचं बोलू. झोपायची कल्पना छान आहे, पण टेप घेऊन हौद्यात उतरा. लांबी पाच फूट. दोन्ही बाजूंना चाकांचे फुगवटे आत आलेले, त्यांच्यामध्ये साडेतीन-पावणेचार फूट. तळावर गादी घातली तर पाय लांब करायला फाळका खाली पाडून, मागची काच वर ठेवूनच झोपावं लागेल, म्हणजे डास आणि दव दोन्ही पाहुणे. फुगवट्यांच्या वर फळी टाकून पलंग केला तर रुंदी पुरती मिळते आणि एक मोठा माणूस तिरका, ऐसपैस झोपतो. दुसऱ्यानं कुठे झोपायचं? मुलांनी? हौदा साडेसहा किंवा आठ फुटांचा असता तर मी वहिनींच्या बाजूनं बोललो असतो. एकट्या-दुकट्या फिरणाऱ्याला, ज्याच्या गाडीत रोज पंप चढत नाहीत, त्याला कॅनोपीसारखं सुख नाही. आतून अस्तर लावून घ्यावं, दोन बाजूंच्या जाळ्या उघड्या ठेवाव्यात, नाहीतर श्वासाची वाफ छताला लागून पहाटे थेंबथेंब अंगावर पडते. चौघांच्या कुटुंबाला पाच फुटी हौद्यात ते सुख पुरत नाही. तुम्ही तंबू घ्या. कव्हरच्या पट्टीवर जो रॅक बसवाल त्यावर गाडीच्या टपावर उघडणारा तंबूही बसतो, फक्त तंबूचं वजन चालू गाडीच्या आकड्यात मावायला हवं. जमिनीवरचा साधा तंबू असेल तर तेवढाही हिशेब नको.

कुत्र्याला मात्र मागे पाठवू नका. कव्हरखाली तर अजिबात नाहीच. कॅनोपीतही मला पटत नाही, आणि मुलांना मौज म्हणून मागे बसवायचं तर डोक्यातही आणू नका. तिथे सीट नाही, पट्टा नाही. शिवाय ज्या कमी दाबानं धूळ ओढली जाते त्याच दाबानं सायलेन्सरचा धूर फाळक्याच्या फटींतून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. मागची काच उघडी ठेवून गाडी चालवली तर तो आणखी येतो. इंजिन चालू ठेवून कॅनोपीत झोपणं हाही तोच धोका. कुत्रा केबिनमध्ये मागच्या सीटवर, छातीच्या पट्ट्यानं सीटबेल्टला अडकवून. केस झडतील, झाडून काढा.

तुमचे सोल्युशनचे डबे हा एक वेगळाच मुद्दा आहे. त्याची वाफ पेट घेते. काळं कव्हर दिवसभर उन्हात तापतं, खाली हवा खेळत नाही. डबे घट्ट बंद करून, लागतील तेवढेच, उभे ठेवून न्या. गॅसची टॉर्च वापरत असाल तर तिचा सिलिंडर बंद कव्हरखाली ठेवू नका. तो रॅकपाशी उघड्यावर, उभा, बांधून.

तर तुमच्यासाठी माझं मत भावाच्या बाजूचं : कडक घडीचं कव्हर, बाजूला खाच असलेलं, वर दोन आडव्या दांड्यांचा रॅक, आणि त्याआधी फाळक्याचं रबर आणि कुलूप. गुंडाळून पुढच्या पेटीत जाणारं कव्हर दिसायला सुंदर असतं, पण ती पेटी केबिनकडचा जवळजवळ फूटभर हौदा खाते. पाच फुटांत एक फूट कोण देणार? एकाच अखंड फायबरचं, मागून वर उघडणारं झाकण तुम्हाला अडचणीचं : ते गॅसच्या दांड्यांवर तिरकं उघडतं, चेनपुलीच्या आड येतं. घडीच्या कव्हरमध्येही एक बघा, सगळ्या घड्या केबिनकडे उभ्या करून दांडीनं अडकवता येतात की नाही. येत असतील तर पूर्ण हौदा उघडा मिळतो. उभ्या घड्या ठेवून गाडी चालवायला कंपनीची परवानगी आहे का हेही विचारा. मागची काच झाकली जाते आणि वारा धरतो.

बसवायच्या दिवशी तिथे उभे राहा. हौद्यात प्लास्टिकचा लायनर आहे का, तो कठड्यावरून वळून आला आहे का, हे आधी दुकानाला सांगा. तसा असेल तर कव्हरची पट्टी कठड्याला आवळून धरणाऱ्या क्लॅम्पला पत्र्याची कड मिळत नाही, तो प्लास्टिकवर बसतो, प्लास्टिक उन्हात मऊ पडतं आणि पट्टी सरकते. क्लॅम्पच्या जागी लायनरला खाचा कापाव्या लागतात. दोन्ही पट्ट्या हातानं घट्ट केल्यावर, पाना लावायच्या आधी, तिरकी मापं घ्यायला सांगा : पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्यापर्यंत आणि उलट. दोन्ही सारखी आली तर कव्हर गुण्यात, म्हणजे काटकोनात, बसेल. पाव इंचाचा फरक असला तरी मागची कडी एका बाजूला लागते, दुसऱ्या बाजूला आपटावी लागते, आणि मग मालक म्हणतो कव्हर खराब निघालं. काही दिवस चालवल्यावर क्लॅम्प पुन्हा एकदा आवळून घ्या, जागेवर बसले की ते थोडे सैल पडतात.

जाता जाता, वहिनींसाठी. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोनं फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं होतं अशी गोष्ट सांगतात : रविवारी न भिजता चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी बनवा. तिथल्या लुइस बँट नावाच्या तरुण इंजिनिअरनं मोटारीची केबिन आणि मागे हौदा एकसंध जोडून गाडी आखली, ती १९३४मध्ये बाजारात आली. तिलाही धंदा आणि घर एकाच गाडीत हवं होतं, आणि तिनंही डुकरांत झोपायचा आग्रह धरला नव्हता. वहिनींना हे हसत सांगा, आणि तंबू मात्र त्यांच्या पसंतीचाच घ्या.

प्रश्न : माझ्या पिकअपला गुंडाळणारं ॲल्युमिनियमचं कव्हर आहे. दोन पावसाळे कोरडं गेलं. आता केबिनकडच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी ठिबकतं. दुकानदार म्हणतो पूर्ण रबर बदला.

उत्तर : रबराला हात लावण्याआधी नळी बघा. गुंडाळीच्या पेटीत पाणी शिरणं हे गृहीतच धरलेलं असतं, ते पेटीच्या तळातल्या भोकातून नळीवाटे हौद्याखाली जातं. झाडाखाली गाडी लावत असाल तर पानांचा चुरा कव्हर ज्यात सरकतं त्या रुळातून पेटीत जातो आणि नळीच्या तोंडाशी लगदा होतो. पेटी भरते आणि ज्या बाजूला गाडी कललेली असते त्या कोपऱ्यातून ओसंडते. नळी खालून सोडा, पाण्याची धार मारा, तारेनं खुपसू नका, नळी फाटते. मग रूळ ओल्या फडक्यानं पुसून कोरडे करा. त्यात ग्रीस भरायचं नाही, धूळ धरतं; सिलिकॉनचा हलका फवारा पुरे. एवढं करून गाडी सपाट जागी उभी करा आणि झारीनं पाणी घाला. तरीही गळलं तर दुकानदाराकडे जा.

प्रश्न : ओळखीच्या माणसाकडे चांगल्या स्थितीतली जुनी कॅनोपी आहे, पण ती दुसऱ्या मॉडेलच्या पिकअपची. हौद्याची लांबी सारखीच आहे. बसेल का?

उत्तर : लांबी सारखी म्हणजे काहीच नाही. चार मापं आणखी घ्या : कठड्याची बाहेरून बाहेरची रुंदी पुढे आणि मागे, कारण बरेच हौदे मागे निमुळते किंवा फुगीर असतात, कठड्याची वरची कड सरळ आहे की मागे चढत जाते, आणि फाळक्याच्या वरच्या कडेची गोलाई. शेवटचं माप चुकलं तर मागची काच फाळक्यावर टेकत नाही आणि बोटभर फट राहते, ती कुठल्याच रबरानं भरत नाही. पिढी बदलली की एकाच कंपनीच्या त्याच नावाच्या गाडीतही ही मापं बदलतात.

मग कॅनोपी वर ठेवून केबिनशी अंतर बघा. केबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे बसवलेले असतात, खड्ड्यात दोघं आपापले हलतात. कॅनोपीची पुढची भिंत केबिनपासून दोन बोटं तरी सुटी हवी. टेकली तर आधी रंग जाईल, मग केबिनची मागची काच. केबिनच्या मागच्या कपाळावरचा ब्रेकलाइट कॅनोपीनं झाकला जातो, म्हणून कॅनोपीवर स्वतःचा ब्रेकलाइट लागतो. जुन्या कॅनोपीत तो असतो, पण त्याची तार कापलेली असते. ती गाडीच्या वायरिंगला सोलून जोडू देऊ नका, जोडणीचा तयार सॉकेट मिळतो तो मागा.

चिरा बघायच्या तर छताच्या आतून बघा, अस्तर थोडं उचलून. आणि उचलायला चार माणसं न्या. दोघांनी उचलली की मधे वाकते, आणि त्या वाकण्यातच पुढच्या खिडकीचा कोपरा तडकतो.